यात पर्यावरण कुठंय?

आमच्या वाघोलीतल्या सोसायटीत महिन्यातून एकदा पुस्तकावर गप्पा होतात. नियम एकच, पुस्तक वाचून यायचं. निम्मे जण तो पाळत नाहीत. या वेळी पर्यावरणावरची कादंबरी घ्यायचं ठरलं आणि मी विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ सुचवली. १९९१ची कादंबरी, पुढच्याच वर्षी तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

पहिलीच तक्रार आली, “यात पर्यावरण कुठंय?” विचारणाऱ्या वहिनींना मारुती चितमपल्लींच्या पुस्तकांतल्यासारखं रान हवं होतं, पाखरं हवी होती. इथं धरण, भूसंपादन आणि उठवलेल्या माणसांची परवड. आयटीतल्या एका मुलानं कीर्ती रामचंद्र यांचा इंग्रजी अनुवाद वाचला होता. गोष्ट त्याला भिडली, पण “सरकारी कागद निम्मे गाळले असते तरी चाललं असतं,” म्हणाला. मला नाही पटलं. गाव एका दिवसात बुडत नाही. आधी नोटीस, मग मोजणी, मग मोबदल्यासाठी हेलपाटे. वाचताना कंटाळा येतो खरा, पण धरणग्रस्तांची त्यात वर्षं जातात. (मधली काही पानं मीही भराभर उलटली, ते तिथं बोलले नाही.)

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. टँकर! सेक्रेटरी चावी घेऊन पळाले. वाघोली २०२१ मध्ये पुणे शहरात आली, तरी आमची टाकी भरतो टँकरच. मग कादंबरी राहिली बाजूला. कुणी म्हणालं, भामा आसखेडचं पाणी आपल्यालाही मिळायला हवं. खेड तालुक्यातल्या त्या धरणाचं पाणी जानेवारी २०२१ मध्ये पुण्याच्या पूर्व भागात पोचलं. त्याआधी पुनर्वसनासाठी धरणग्रस्तांनी जलवाहिनीचं काम कितीदा तरी बंद पाडलं होतं.

“म्हणजे याच पुस्तकातली माणसं की ती!” मुलगा म्हणाला.

“अहो, पण आपल्याला प्यायला पाणी नको का?” वहिनी.

दोघांचंही खरं, त्यामुळे भांडण छान रंगलं. वहिनींनी पर्यावरण कुठंय हे पुन्हा काही विचारलं नाही.

महसूल खात्यातून निवृत्त झालेले एक काका मात्र शेवटपर्यंत गप्प होते. निघताना माझी प्रत मागून घेऊन गेले. परवा त्यांनी ती परत केली. नोटिसा आणि मोबदल्याच्या पानांवर समासात शिसपेन्सिलीनं ‘बरोबर’च्या बारीक खुणा आहेत. एका ठिकाणी फुली होती. ती नंतर खोडलेली दिसते.