पॅकेजची बातमी मी छापली, त्यानंतरची कोण छापणार?

तीन वर्षांपूर्वी आमच्या बार्शीतल्या एका पोराची पुण्यातल्या मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत निवड झाली. कॅम्पस इंटरव्ह्यूमधून, पॅकेज ९ लाख. वडील एसटीत कंडक्टर. पेढ्यांचा बॉक्स घेऊन ते स्वतः ऑफिसला आले होते. 'एसटी कंडक्टरच्या मुलाची गगनभरारी' हे हेडिंग मीच दिलं. फोटोसह, तीन कॉलम. त्यांनी ते कात्रण लॅमिनेट करून घरात लावलंय.

गेल्या महिन्यात ते स्टँडवर भेटले. आता रिटायर झालेत. चहा पिता पिता म्हणाले, "साहेब, पोरगं घरी आलंय."

"सुट्टीला?"

"नाही. सोडून आलंय." मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, "हे पेपरात नको हं."

पेपरात नाही दिलं. इथे लिहितोय, ते बापलेक दोघांना विचारून, नाव-गाव-कंपनी ओळखू येणार नाही असं लिहितोय. कारण पहिली बातमी मी छापली, तर दुसरी दडपायचा मला हक्क नाही असं वाटलं.

पोराशी दोन संध्याकाळी बोललो. तो जे सांगत होता त्यात आरडाओरडा नव्हता, कुणाला शिव्या नव्हत्या. फक्त दिनक्रम होता. सकाळी साडेनऊला लॉगिन. दिवसभर मीटिंगा. खरं काम, म्हणजे एक्सेल आणि पीपीटी, संध्याकाळी सातनंतर सुरू. परदेशी क्लायंट, त्यामुळे रात्री कॉल. रात्री अकराला मेसेज यायचा, 'सकाळपर्यंत जरा बदलून ठेव.' जेवणाचा वेळ सोडून रोज तेराचौदा तास, आठवड्याचे सहा दिवस. रविवारी 'फक्त तासभर' म्हणून लॅपटॉप उघडायचा आणि दुपार जायची.

मी विचारलं, "मग टाइमशीटला किती तास भरायचास?"

"आठ, काका. कधीकधी नऊ."

का? कारण प्रत्येक प्रोजेक्टला तासांचं बजेट ठरलेलं असतं. त्याच्या वर तास दाखवले की मॅनेजरला वरून प्रश्न, आणि मॅनेजरला प्रश्न आला की याला प्रश्न, 'तुला एवढा वेळ का लागतो?' तो प्रश्न वर्षाखेरीच्या रेटिंगला चिकटतो. म्हणून सगळेच आठ भरतात. कुणी भरा म्हणत नाही, कुणी भरू नका म्हणत नाही. म्हणजे कंपनीच्या कागदावर या पोराने तीन वर्षांत ओव्हरटाइम केलेलाच नाही.

वडील बाजूला बसून ऐकत होते. त्यांनी आयुष्यभर ड्युटीचा तक्ता बघूनच घर सोडलं. जादा ड्युटी लागली तर ती कागदावर यायची, तिचा हिशोब व्हायचा. एसटीत सगळं छान होतं असं नाही. २०२१ च्या संपाच्या बातम्या मी केल्यात, पगाराचे हाल मला माहीत आहेत. पण तिथे तास मोजले जातात. नोकरी लागली तेव्हा त्यांनी पोराला विचारलं होतं, "ओव्हरटाइम किती बसतो रे?" तेव्हा पोरगं हसलं होतं. म्हणालं होतं, "बाबा, मी कन्सल्टंट आहे, कामगार नाही."

माझ्या मते सगळी गोम या एका वाक्यात आहे.

आता जरा हिशोब करू. हातात येणारा पगार महिना साठ हजार. महिन्याचे २६ दिवस, रोज ९ तास धरले तर तासाला साधारण २५६ रुपये. रोज १४ तास धरले तर तोच दर १६५ रुपयांवर येतो. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात जादा कामाला दुप्पट दर सांगितलाय. रोजचे ५ तास जादा म्हणजे महिन्याला १३० तास. दुप्पट दराने त्याचे होतात साडेसहासष्ट हजारांच्या आसपास. म्हणजे पगारापेक्षा जास्त! ढोबळ हिशोब आहे, पण नीट बघा. ज्याला आपण ९ लाखांचं पॅकेज म्हणत होतो, त्यात दोन माणसांचं काम होतं.

आणखी एक. त्याच कायद्यात तीन महिन्यांत मिळून ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तास होती. या पोराचे एका महिन्यात १३० झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा १४४ तास आणि दिवसाचे ९ तासांऐवजी १० तास करायला मंजुरी दिली. तेव्हा त्यावर बरीच चर्चा झाली. पण ज्याचे तास कागदावर येतच नाहीत, त्याला १२५ काय आणि १४४ काय!

मग कायदा लागू का होत नाही? इथे मेख आहे. मॅनेजर, सुपरवायझर आणि गोपनीय स्वरूपाचं काम करणारी पदं या कायद्यातून वगळलेली आहेत. मालकाला खरोखर निर्णय घेणारी माणसं वेगळी ठेवायची असतात, हे समजू शकतो. पण बाविसाव्या वर्षी लागलेला पोरगा, जो सांगितलेली स्लाइड सांगितलेल्या रंगात करतो, तो कुणाचा मॅनेजर? त्याच्या हाताखाली एक माणूस नाही. सुट्टी घ्यायची तर तीन जणांना मेल. पण व्हिजिटिंग कार्डावर 'कन्सल्टंट' लिहिलंय, म्हणून तो स्वतःला कामगार समजत नाही आणि कंपनीला तेच हवं असतं. वगळलेल्या पदांची यादी कंपनीने वेबसाइटवर किंवा दिसेल अशा जागी लावावी, असं कायदाच सांगतो. तुमच्या मुलाच्या कंपनीची अशी यादी कुठे दिसते का, विचारून बघा.

पदोन्नतीचंही तेच. पहिल्या वर्षी सांगतात, 'स्वतःला सिद्ध कर.' दुसऱ्या वर्षी, 'काम उत्तम आहे, पण रेटिंगचे कोटे ठरलेले असतात.' तिसऱ्या वर्षी, 'यंदा सीनियरच्या जागा कमी आहेत, पुढच्या सायकलला बघू.' या धंद्याची रचनाच उतरंडीसारखी आहे. खाली भरपूर पोरं, वर मोजक्या जागा. क्लायंटकडून पैसे घ्यायचे साहेबाच्या अनुभवाचे, काम करायचं खालच्या पोरांनी. सगळे वर जाऊच शकत नाहीत, काही गळणार हे गृहीतच असतं. गळलेल्यांच्या जागी पुढच्या जूनमध्ये नवे पेढे वाटले जातात. आणि आम्ही नवी गगनभरारी छापतो.

मेहनतीला माझा विरोध नाही. मीही वीस वर्षांपूर्वी महिना दीड हजारावर बातमीदारी सुरू केली. 'सुरुवातीला घासावं लागतं, त्यातूनच माणूस शिकतो', हे मलाही पटतं. पण शिकायला सहा महिने लागतात, वर्ष लागतं. रात्री दोन वाजता तीच स्लाइड सातव्यांदा बदलताना पोरगं काय शिकतं? नारायण मूर्तींनी २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं. लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष ९० तासांवर गेले. मूर्तींनी स्वतः तसं काम केलं असेल, आदर आहे. पण कंपनी त्यांची होती. जादा तासातून जे उभं राहिलं त्यात त्यांचा हिस्सा होता. या पोराचा हिस्सा किती? 'टीम प्लेयर' असा एक ईमेल.

दुसरं म्हणणं असतं, 'कुणी जबरदस्ती केली? आवडत नसेल तर सोडा.' सोडायला गेला तेव्हा तीन महिन्यांची नोटीस आणि जॉइनिंग बोनस परत मागणारं पत्र आलं. शिवाय धाकट्या बहिणीची फी, गावातल्या घराचं कर्ज. सोडा म्हणणं सोपं असतं.

आता तब्येतीचं. 'बर्नआउट' म्हणजे नव्या पिढीची नाटकं, असं माझ्या वयाचे बरेच लोक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली. लक्षणं तीन: सततचा थकवा, कामाबद्दल मनात तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि काम जमेनासं होणं. पोराने मला ते इंग्रजी नाव न घेता ही तिन्ही सांगितली. याच संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२१ मध्ये एकत्र अभ्यास जाहीर केला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा जास्त तास करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त. आपलं पोरगं ८४ वर होतं.

२०२४ चं पुण्याचं प्रकरण आठवत असेल. ईवाय या कंपनीत नोकरीला लागून चारच महिने झालेल्या केरळच्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा जुलैमध्ये मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याने मुलगी गेली, असं तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं, ते देशभर गाजलं. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाला हे कंपनीने मान्य केलं नाही, तेही नोंदवतो. पण त्यानंतर राज्याच्या कामगार विभागाने पुण्याच्या ऑफिसची पाहणी केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी काय सांगितलं? २००७ पासून चालू असलेल्या या ऑफिसची याच दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती! आमच्या पांडे चौकातल्या मोबाइलवाल्याला नगरपालिका, आस्थापना, सगळे कागद मागतात. सतरा वर्षं एवढं मोठं ऑफिस कुणालाच दिसलं नाही?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जादा तास फुकट मिळतात, म्हणून जादा तास लागतात. डेपोतल्या कंट्रोलरला जादा ड्युटी लावताना विचार करावा लागतो, कारण तिचे पैसे द्यावे लागतात. कंपनीच्या मॅनेजरला रात्री अकराला मेसेज टाकताना काहीच द्यावं लागत नाही. योगाची शिबिरं, 'वेलनेस वीक', समुपदेशनाचा हेल्पलाइन नंबर, हे सगळं ठीक. पण त्या तासाला किंमत लावा, मग बघा किती स्लाइडा खरंच अर्जंट असतात.

करायचं काय? एक, लॉगिन-लॉगआउटची नोंद कंपनीकडे असतेच, ती आणि टाइमशीट कामगार विभागाने शेजारी ठेवून तपासावी. दोन, कार्डावर काहीही लिहिलेलं असो, ज्याच्या हाताखाली माणूस नाही आणि ज्याला निर्णयाचा अधिकार नाही, त्याला ओव्हरटाइम लागू असल्याचं सरकारने स्पष्ट करावं. तीन, कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याच्या हक्काचं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत मांडलं होतं. पक्ष बाजूला ठेवा, पण आपापल्या खासदाराला त्यावर त्यांचं मत तरी विचारा.

रविवारची सुट्टी आपल्याला कुणी दयेने दिलेली नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून ती १८९० मध्ये मिळवली. ते 'दीनबंधु'चे संपादक होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्या कामगारांनी 'आम्ही कामगार आहोत' असं आधी म्हटलं, मग मागणी केली. आपल्या पोरांना ते पहिलं वाक्यच म्हणायला लाज वाटते. आणि ती लाज त्यांना आपण शिकवली. पाहुण्यांत पॅकेज सांगताना आपण, लग्नाच्या बायोडाटात पद ठळक लिहिताना आपण, आणि गगनभरारी छापताना मी.

पोरगं आता बरं आहे. पहिले पंधरा दिवस नुसतं झोपलं. आई दर दोन तासांनी श्वास बघून यायची, हे तिने मला स्वयंपाकघरातून सांगितलं. आता सोलापूरला छोटी नोकरी बघतोय. निघताना वडिलांनी भिंतीवरच्या कात्रणाकडे बोट करून विचारलं, "हे काढून ठेवू का साहेब?" मला उत्तर सुचलं नाही.

ज्यांची मुलं पुण्या-बंगळूरला अशा नोकरीत आहेत, त्यांनी आज रात्री फोन करा. जेवलास का, पगार झाला का, हे नेहमीचं विचाराच. पण आज कितीला लॉगआउट केलंस, हेही विचारा. आणि 'एवढ्यात सोडू नको, लोक काय म्हणतील' हे वाक्य ओठांवर आलं तर तेवढं गिळा.

कमेंटमध्ये तुमचे अनुभव लिहा. कंपनीचं नाव नको, तास लिहा.