डर्बीपूर्वीची शर्यत: घोडा पळवावा की राखावा?

राजधानी दिल्लीतील सरोजिनी नगर ही सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत आणि तिथला कपड्यांचा बाजार देशभर परिचित आहे. या वसाहतीपासून काही किलोमीटरच्या अंतरावर, कमाल अतातुर्क मार्गाला लागून दिल्लीचे रेसकोर्स आहे. शेजारच्या रेसकोर्स रोडचे नाव २०१६ मध्ये लोक कल्याण मार्ग असे झाले. इतर शहरांतील शर्यती पडद्यावर दाखवून त्यांवर अधिकृतपणे पैज घेण्याची पद्धत रूढ झाल्यापासून दिल्लीच्या शौकिनांचे लक्ष स्थानिक शर्यतींइतकेच मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सकडेही लागलेले असते. हिवाळा सुरू झाला की या शौकिनांमध्ये एकाच प्रश्नावर वाद रंगतो. इंडियन डर्बीच्या आधी कोणता प्रशिक्षक आपला घोडा कोणत्या शर्यतीत उतरवणार, आणि कोण त्याला पागेतच ठेवणार?

हा प्रश्न वरवर केवळ जाणकारांचा वाटला, तरी घोड्याची प्रकृती, मालकाची गुंतवणूक आणि सामान्य पैजकऱ्याचा विश्वास या तिन्ही गोष्टी त्याच्याशी निगडित आहेत. त्यामुळे या निवडीमागील कारणे समजून घेणे उचित ठरेल.

इंडियन डर्बी प्रथम १९४३ मध्ये झाली आणि बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने ती जिंकली. साधारणपणे फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी होणारी ही शर्यत २४०० मीटरची असून ती फक्त ४ वर्षांच्या घोड्यांसाठी असते. भारतीय घोड्यांचे वय १ जानेवारीपासून मोजले जात असल्याने डिसेंबरमध्ये ३ वर्षांचे असलेले घोडे फेब्रुवारीत ४ वर्षांचे मानले जातात. परिणामी कोणत्याही घोड्याला आयुष्यात ही संधी एकदाच मिळते. यंदा हुकले तर पुढच्या वर्षी पाहू, असे म्हणण्याची सोय इथे नाही. पूर्वतयारीत झालेली चूक म्हणूनच महागात पडते.

डर्बीकडे जाणारे मार्ग अनेक आहेत. पुण्यातील पावसाळी हंगाम आटोपल्यावर मुंबईचा हंगाम सुरू होतो. डिसेंबरमध्ये महालक्ष्मीवर १६०० मीटरच्या दोन प्रतिष्ठेच्या शर्यती होतात. त्यांपैकी इंडियन १००० गिनीज केवळ घोडींसाठी असते, तर इंडियन २००० गिनीज नर आणि मादी दोघांनाही खुली असते. त्यानंतर डर्बीपर्यंत साधारण दीड-दोन महिने उरतात. या काळात काही प्रशिक्षक घोड्याला विश्रांती देऊन पहाटेच्या सरावावरच भर देतात. काही जण मुंबईतच जानेवारीतील एखादी लहान शर्यत निवडतात. कोलकाता आणि बंगळुरूच्या हिवाळी डर्बीसारख्या शर्यतींत धावून मग मुंबई गाठण्याचा तिसरा मार्गही आहे. घोडींसमोर आणखी एक पेच असतो. २४०० मीटरची इंडियन ओक्स डर्बीच्या आधी थोड्याच दिवसांवर येते. तिथे फक्त घोडींशी सामना असल्याने विजयाची शक्यता अधिक असते. मात्र तिथे शक्ती खर्ची घातल्यावर डर्बीत नर घोड्यांशी टक्कर देण्याइतका दम उरेल का, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

घोडा धावता ठेवावा, असे मानणाऱ्यांचा युक्तिवाद सबळ आहे. १६०० मीटरचा वेग आणि २४०० मीटरचा दमसास या भिन्न गोष्टी आहेत. पहाटेच्या सरावात घोडा कितीही चांगला पळाला, तरी दहा-बारा घोड्यांच्या घोळक्यात अडकणे, अंगावर माती उडणे, शेवटच्या वळणावर जागा शोधणे आणि जॉकीच्या इशाऱ्यावर दुसऱ्यांदा वेग घेणे या गोष्टी प्रत्यक्ष शर्यतीतच शिकता येतात. शिवाय लांब पल्ला आपल्या घोड्याला झेपतो की नाही, हे डर्बीच्या दिवशीच प्रथम कळावे, हे कोणत्याही सावध प्रशिक्षकाला रुचणार नाही.

विरुद्ध बाजूचे म्हणणेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. जोरकस शर्यतीनंतर घोड्याचे वजन घटते आणि त्याला पूर्ववत होण्यास वेळ लागतो. तो दाणा शिल्लक ठेवू लागला, तर मोतद्दाराला ते सर्वांत आधी कळते आणि अनुभवी प्रशिक्षक घड्याळाइतकाच या माहितीवर विसंबतो. बंगळुरू ते मुंबई हा सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास घोड्याला वाहनात उभ्यानेच करावा लागतो. प्रवासात ताप आणि श्वसनाचे विकार उद्भवण्याचा धोका असतो. २००८ मध्ये देशात अश्व इन्फ्लुएन्झाची साथ पसरली, तेव्हा शर्यतींचे वेळापत्रकच कोलमडले होते. तरुण घोड्याच्या हाडांवर एकामागोमाग एक शर्यतींचा ताण पडला, तर एखादी दुखापत त्याची कारकीर्दच संपवू शकते.

यांपैकी कोणता मार्ग योग्य, याचे एकच उत्तर इतिहास देत नाही. जॉकी म्हणून गाजलेले आणि नंतर प्रशिक्षक झालेले पेसी श्रॉफ यांच्या ‘जॅकलिन’ या घोडीने गिनीजमध्ये यश मिळवल्यानंतर २०१० ची डर्बीही जिंकली आणि गिनीजच्या मार्गावरील विश्वास दृढ केला. इंग्लंडचा अनुभव मात्र वेगळा आहे. आयर्लंडचे प्रशिक्षक एडन ओब्रायन यांचा ‘ऑगस्ट रोडॅन’ २०२३ मध्ये न्यूमार्केटच्या २००० गिनीजमध्ये बाराव्या स्थानी राहिला, तर २०२४ मध्ये त्यांचाच ‘सिटी ऑफ ट्रॉय’ त्याच शर्यतीत नववा आला. दोघांनीही काही आठवड्यांतच एप्समची डर्बी जिंकली. पूर्वतयारीतील पराभव हा घोड्याच्या क्षमतेवरील अंतिम निर्णय नसतो, हेच यातून दिसते.

अमेरिकेत केंटकी डर्बीसाठी २०१३ पासून गुणपद्धत लागू आहे. ठराविक शर्यतींत गुण मिळवणाऱ्या घोड्यांनाच जास्तीत जास्त २० जणांच्या त्या शर्यतीत स्थान मिळते. त्यामुळे तिथल्या प्रशिक्षकाला घोडा राखून ठेवण्याची मुभा मर्यादित असते. तरीही २०१८ मध्ये बॉब बॅफर्ट यांच्या ‘जस्टिफाय’ने फेब्रुवारीत पदार्पण करून आपल्या चौथ्याच शर्यतीत ही डर्बी जिंकली. दोन वर्षांच्या वयात एकदाही न धावलेला घोडा केंटकी डर्बी जिंकण्याचा प्रसंग १८८२ नंतर प्रथमच घडला होता. २०२५ मध्ये प्रशिक्षक बिल मॉट यांनी केंटकी डर्बी जिंकलेल्या ‘सॉव्हरिन्टी’ला दोन आठवड्यांनी होणाऱ्या प्रीकनेस शर्यतीत उतरवलेच नाही. तिहेरी मुकुटाची संधी सोडल्याबद्दल त्यांच्यावर टीका झाली. जूनमध्ये याच घोड्याने बेलमाँट स्टेक्स जिंकली.

भारतात अशी गुणपद्धत नाही. निर्णय प्रशिक्षक आणि मालक यांच्या हाती असतो आणि त्यात आर्थिक गणितही शिरते. पैजेवर जुलै २०१७ पासून २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला. ऑक्टोबर २०२३ पासून तो पैजेच्या पूर्ण रकमेवर आकारला जाऊ लागला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये हा दर ४० टक्क्यांवर गेला. शर्यतीची बक्षिसे बऱ्याच अंशी अधिकृत पैजेतून क्लबला मिळणाऱ्या उत्पन्नावर अवलंबून असतात. दाणा, औषधोपचार, नालबंदी आणि मोतद्दाराचा पगार हा खर्च मात्र दर महिन्याला ठरलेला असतो. अशा स्थितीत जानेवारीत दुसऱ्या शहरात मिळू शकणारे बक्षीस सोडून फेब्रुवारीच्या अनिश्चित विजयासाठी घोडा राखून ठेवणे प्रत्येक मालकाला परवडत नाही.

या चर्चेत पैजकऱ्याची बाजू बहुधा मागे पडते. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये के. आर. लक्ष्मणन प्रकरणात घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिला. घोड्याची वंशावळ, पूर्वीची कामगिरी, वजन, अंतर आणि जॉकी यांचा अभ्यास करून अंदाज बांधता येतो, हे गृहीत त्यामागे आहे. मग पूर्वतयारीच्या शर्यतीला दुहेरी स्वरूप येते. प्रशिक्षकाच्या दृष्टीने ती डर्बीची तालीम असते, तर दिल्लीत किंवा मुंबईत तिकीट काढणाऱ्यासाठी ती त्या दिवसाची खरीखुरी शर्यत असते. प्रत्येक घोडा त्याच्या पूर्ण कुवतीनुसार पळवला गेला पाहिजे, असा शर्यतींचा नियम आहे आणि संशय आल्यास पंच चौकशीही करतात. तरीही पूर्ण तयार नसलेला घोडा आणि मुद्दाम रोखून धरलेला घोडा यांतील सीमारेषा बाहेरून नेहमीच स्पष्ट दिसत नाही. पहिल्या प्रकारात प्रशिक्षकाचा दोष नसतो; दुसऱ्या प्रकारात तो पैजकऱ्याचा विश्वासघात ठरतो.

म्हणूनच घोडा पळवावा की राखावा, या वादाचा निकाल सर्व घोड्यांसाठी एकच लावता येणार नाही. जो घोडा शर्यतीनंतर दोन दिवसांत पुन्हा दाणा संपवतो, त्याला आणखी एक शर्यत मानवेल. जो नाजूक आहे, त्याला विश्रांतीच हितकारक ठरेल. मात्र दोन अपेक्षा रास्त आहेत. विविध केंद्रांच्या टर्फ क्लबनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील मोठ्या शर्यतींच्या तारखा परस्पर समन्वयाने ठरवल्या, तर प्रकृती आणि बक्षीस यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ मालकांवर कमी येईल. दुसरे असे, की माघार घेतलेल्या, आजारातून उठलेल्या किंवा दीर्घ विश्रांतीनंतर परतणाऱ्या घोड्याबाबतची पशुवैद्यकीय माहिती पैज सुरू होण्यापूर्वी सर्वांना सारखीच मिळाली पाहिजे. पहाटेच्या सरावाच्या वेळा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होतच असतात. त्यांना या माहितीची जोड मिळाल्यास कौशल्याच्या खेळातील कौशल्याला खरा अर्थ येईल.

डर्बीचा निकाल अडीच मिनिटांच्या आसपास लागतो. तो समजून घेण्यासाठी मात्र त्याआधीच्या दोन महिन्यांत पागेत घेतले गेलेले निर्णय पाहावे लागतात. त्या निर्णयांची किंमत घोड्याने पायांनी आणि पैजकऱ्याने खिशाने मोजायची असते, याचे भान निर्णय घेणाऱ्यांनी ठेवणे अगत्याचे आहे.