एक गांठ सांपडली, दुसरीचें काय?

मूळव्याध हें आमच्या घरांतून अनेक दुखण्यांवर पांघरूण घालणारें नांव आहे. शौचाला रक्त पडूं लागलें कीं पथ्य बदलतें, सुरणाची भाजी सुरू होते, आणि दोन-चार महिने सहज निघून जातात. समजा, परभणी जिल्ह्यांतील सेलूच्या वा गंगाखेडच्या एखाद्या घरीं असेंच झालें. अखेर तपासणींत मोठ्या आंतड्याच्या डाव्या भागांत कर्करोगाची गांठ निघाली. आतां सर्वांना घाई एकच: छत्रपती संभाजीनगर वा मुंबई जवळ करावी आणि गांठ काढून टाकावी. ही घाई योग्यच आहे; परंतु तींत एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो. ती गांठ एकटीच आहे काय?

मोठ्या आंतड्याचा कर्करोग झालेल्या शंभर रोग्यांपैकीं सुमारें ३ ते ५ जणांत एकाच वेळीं दोन, क्वचित् अधिक, कर्करोग असतात. एकाचें बीज दुसरीकडे रुजलें, असा हा प्रकार नव्हे. दोहोंचीं मुळें वेगळीं. डावीकडील गांठ रक्त पाडून वा मलावरोध करून आपली ओळख देते. उजवीकडील गांठ बहुधा मुकाट्यानें थोडें थोडें रक्त गाळते; माणूस फिका पडतो, थकतो, आणि घरचीं माणसें म्हणतात, ‘शस्त्रक्रियेचा अशक्तपणा आहे.’

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीं दुर्बिणीनें सबंध मोठें आंतडें, म्हणजे सुमारें ५ फूट लांबी, पाहून घ्यावयाचें असतें. गांठीनें वाट अडविली असली तर दुर्बीण पुढें जात नाहीं. तेव्हां सीटी स्कॅनचा आधार घेतात, आणि राहिलेली तपासणी शस्त्रक्रियेनंतर ३ ते ६ महिन्यांत पुरी करतात. ‘सबंध आंतडें पाहिलें काय?’ असें डॉक्टरांना विचारण्यांत कसलाही उद्धटपणा नाहीं. दोन्ही गांठी आधींच कळल्या तर पुष्कळदां एकाच शस्त्रक्रियेंत काढतां येतात.

दुसरी गोष्ट घराण्याची. १८९५ सालीं अमेरिकेंतील मिशिगन येथें डॉ. वॉर्थिन यांना एका शिवणकाम करणाऱ्या बाईनें सांगितलें कीं, घराण्यांतील इतरांप्रमाणें आपणही पोटाच्या वा गर्भाशयाच्या कर्करोगानेंच जाणार. ती पुढें तशीच गेली. १९१३ सालीं वॉर्थिन यांनीं त्या कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. हा आनुवंशिक दोष आज डॉ. हेन्री लिंच यांच्या नांवानें ओळखला जातो. असा दोष असलेल्या माणसांत एकाच वेळीं दोन गांठी निघण्याचा संभव अधिक. आईबापांपैकीं एकाला तो असला तर प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, येण्याचा संभव निम्मा.

श्राद्धाच्या दिवशीं आम्ही पिता, पितामह, प्रपितामह यांचीं नांवें घेतों. ते कशानें गेले हें मात्र क्वचितच ठाऊक असतें. वंशावळींत तर लेकींचीं नांवें बहुधा नसतातच. आत्या कशानें गेली, मामा चाळिशींतच कां गेले, हें आजींना ठाऊक असतें. त्यांच्यापाशीं बसून या महिन्यांतच तें लिहून काढावें: नातें, दुखणें, वय. सोयरिकींत अडचण येईल या भयानें कांहीं वगळूं नये. रोग्याबरोबर तो कागदही डॉक्टरांपुढें ठेवावा. भावंडांनीं व मुलांनीं आपली तपासणी कोणत्या वयापासून करावी, हें त्यावरून ठरवितां येतें.