फुकटचा एसएमपीएस

नातवाचा कॉम्प्युटर गेल्या महिन्यात जळाला. जळाला म्हणजे ज्वाळा वगैरे नाहीत. 'फट्' असा आवाज, करपल्याचा वास आणि पडदा काळा. गेम ऐन रंगात आला होता म्हणे. दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले ६० हजार त्या पेटीत होते. एसएमपीएस गेला तो गेला, जाताना मदरबोर्डही घेऊन गेला.

दुकानदार म्हणाला, "बाई, आपल्याकडं व्होल्टेजच खराब. हे वॉरंटीत बसत नाही." हा माझाच विद्यार्थी, सातवी 'ब'चा. (गणितात बरा होता, म्हणूनच जास्त राग आला.)

मी आयुष्यभर मराठी आणि इतिहास शिकवला. विजेतलं मला फ्यूज बदलण्यापलीकडे काही येत नव्हतं. पण तो जळका डबा घरी आणला, चष्मा लावून त्याच्यावरचं लेबल वाचलं, आणि लक्षात आलं की हे व्होल्टेजचं दुखणं नाहीच, सातवीच्या गुणाकाराचं आहे.

मंडळी, भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणं हे एसएमपीएसचं काम. आमच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत '४५० वॉट' छापलेलं. खाली मुंगीच्या पायांएवढ्या अक्षरांत एक तक्ता, त्यात १२ व्होल्टखाली १८ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. बारा गुणिले अठरा किती? २१६! उरलेले वॉट ५ आणि ३.३ च्या खात्यावर मांडून बेरीज फुगवलेली. आणि आजच्या कॉम्प्युटरमधले दोन खादाड पाहुणे, प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, जेवतात जवळजवळ सगळं १२ व्होल्टच्याच पंगतीला.

नातवाचं कार्ड आरटीएक्स ३०६०, म्हणजे १७० वॉट. प्रोसेसर आय-फाइव्ह १२४००एफ. त्याचा आकडा ६५ सांगतात, पण जोर लावला की तो ११७ पर्यंत जातो. झाले २८७. बोर्ड, डिस्क, पंखे यांचे आणखी ५०-६० धरा. एनव्हिडिया कंपनी स्वतःच या कार्डासाठी ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवते. शिवाय कार्डाला लागणारा आठ पिनांचा प्लग या डब्याला नव्हताच. दुकानात एक कन्व्हर्टर वायर लावून ते भागवलं होतं. प्लग नसणं हीच खरी तर सूचना होती!

"मग सहा महिने चाललं कसं?" हा त्याचा प्रश्न. अरे, नातू अभ्यास करतो तेव्हा यंत्र बसल्या बसल्या थोडंसंच ओढतं. खरी मागणी येते ती गेम सुरू झाल्यावर. परीक्षा न घेताच पास केलेला मुलगा आहे तो.

माझं भांडण एकट्या दुकानदाराशी नाही. तो म्हणतो, गिऱ्हाईक तीनशे रुपयांवरून अडून बसतं, आणि त्यात तथ्य आहे. आम्ही विचारतो कार्ड किती जीबीचं, दिवे किती रंगांचे. काचेच्या कॅबिनेटात रोषणाई, आणि एसएमपीएस खाली पत्र्याआड. तो 'कॅबिनेटबरोबर फुकट' मिळाला की आम्ही खूश. मांडव भरजरी आणि मेढी कुजक्या! पण म्हणून जाणत्याने गप्प बसायचं? औषध महाग आहे म्हणून वैद्य खडूची पूड देत नाही.

आता दुसरं टोक. शेजारचे म्हणाले, थेट १००० वॉटचा घेऊन टाका, कटकट नको. कशाला? मोठा डबा घेतला म्हणून वीजबिल वाढत नाही, यंत्र लागेल तेवढंच घेतं. पण पैसे तर वाया जातातच. तिसरे म्हणाले, '८० प्लस'चा शिक्का बघा, काळजी मिटली. तीही अर्धीच गोष्ट. तो शिक्का वीज वाया किती जाते याचा आहे, सुरक्षिततेचा नव्हे. आणि ५०० चा डबा ८० टक्क्यांनी ४०० च देतो हाही गैरसमज. तो देतो ५०० च, भिंतीतून ओढतो ६२५. नाव मोठं असलं की निभावलं म्हणावं तर तेही नाही. २०२१ साली ग्राफिक्स कार्डांचा दुष्काळ होता तेव्हा अमेरिकेत काही कार्डं एका नामांकित कंपनीच्या एसएमपीएससोबतच विकली जात होती, आणि चाचणीत तेच एसएमपीएस फटाक्यांसारखे उडाले. जोडीला गळ्यात मारलेलं लक्षण तिथंही तेच.

असो. नवा ५५० चा आणला, चार हजारांच्या आसपास. १२ व्होल्टचे अँपिअर दुकानातच वाचले, आणि बिलाच्या पाठीवर गुणाकार त्यालाच करायला लावला. बरोबर केला त्याने. कान लाल झाले होते.

जुना ६०० व्हीएचा यूपीएसही काढून ठेवला. तो जेमतेम ३६० वॉटचा निघाला.

एक मात्र कबूल करायला हवं. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात असं नातू पहिल्यापासून सांगत होता, आणि मी म्हणत होते, "चपला घालून बस." परवा वायरमनने भिंतीतला सॉकेट उघडला. तिसऱ्या भोकामागे, अर्थिंगच्या जागी, वायरच नव्हती. घर बांधलं तेव्हा पैसे वाचवायला ती आम्हीच गाळली होती. ह्यांनी आणि मी. सोमवारी तो खड्डा खणायला येतोय, तोवर कॉम्प्युटर बंद.