गंगेतले स्फुरद शेतात मोजा

मे २०२१च्या अखेरीस काशीच्या घाटांवर गंगेचे पाणी हिरवे झाले. प्रशासनाच्या समितीने बोट ठेवले ते वरच्या अंगाच्या विंध्याचल इथल्या जुन्या सांडपाणी प्रकल्पावर. पाण्यात नत्र आणि स्फुरद प्रमाणाबाहेर होते. ऐन उन्हाळ्यात शेतातून सहसा फारसे पाणी वाहत नाही, त्यामुळे त्या खेपेस मुख्य दोष शेतीचा नसावा. पावसाळ्यात चित्र बदलते, शेतातले स्फुरदही नदीत येते. आंघोळीयोग्य पाण्याच्या सरकारी निकषांत मात्र प्राणवायू, सामू, जिवाणू आहेत, स्फुरद नाही. मला ही मोठी उणीव वाटते.

स्फुरद नत्रासारखे सहज विरघळून जात नाही, मातीच्या बारीक कणांना चिकटते. म्हणून ते गढूळ पाण्याबरोबर जाते, आणि वर्षभरातला मोठा वाटा चार-दोन जोरदार पावसांतच निघून जातो. तोही सगळ्या शिवारातून जात नाही. जिथे वर्षानुवर्षे डीएपी खत पडून स्फुरद साठले आहे, जमीन उताराची आहे आणि नाला जवळ आहे, तिथून जातो. अमेरिकेत १९९३मध्ये लेमुन्यन आणि गिल्बर्ट यांनी याच विचारावर स्फुरदाचा निर्देशांक मांडला. चंदौली-मिर्झापूरच्या विंध्य उतारांवर जंगल शाबूत असेल तिथे पालापाचोळा पावसाचा मारा झेलतो आणि झाडे स्फुरद पुन्हा वापरतात. जंगल तुटले की तोच उतार धोक्याचा होतो.

कोणत्या शेतातून स्फुरद वाहून जाईल याचा असा अंदाज आपल्यालाही बांधता येईल. २०१५पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत उपलब्ध स्फुरदाचा आकडा असतो. एक अडचण आहे: नमुना साधारण वीतभर खोलीचा घेतात, पावसाचे पाणी मात्र वरच्या बोटभर थरातूनच स्फुरद उचलते, आणि फेकून दिलेले खत नेमके तिथेच असते. तेव्हा धोक्याच्या शेतांत वरच्या थराचा वेगळा नमुना घ्यावा, त्याला उतार आणि नाल्याचे अंतर जोडावे. काशीत बनारस हिंदू विद्यापीठ आहे, आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेचे केंद्रही आहे. फुलपूरकडून शेतांमधून येऊन शहरात गंगेला मिळणाऱ्या वरुणेच्या खोऱ्यापासून त्यांनी सुरुवात करावी.

उजनी धरणाच्या वरच्या शिवारातल्या वाचकांनीही आपली पत्रिका काढून पाहावी. धरणात येणारे पुण्याचे सांडपाणी आपल्या हातात नाही, शेतातले खत आहे. स्फुरद ‘जास्त’ असेल तर यंदा डीएपी किती कमी करता येईल हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारा, आणि जे द्याल ते पेरणीबरोबर मातीआड द्या.