चुकीची किंमत कोणी मोजायची?

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी २०२४ सालच्या जून महिन्यात मुलाच्या वसतिगृहाचे शुल्क म्हणून अठरा हजार रुपये बँकेतून पाठविले. चार घरची कामे करून वर्षभरात साठविलेली ती रक्कम होती. शाखेतील छापील अर्ज त्यांनी स्वतः भरला आणि खाते क्रमांक लिहिताना दोन आकड्यांची अदलाबदल झाली. अर्जावर वसतिगृहाचे नाव स्वच्छ अक्षरांत होते. पैसे मात्र शेजारच्या जिल्ह्यातील कुणा अपरिचित माणसाच्या खात्यात जाऊन पडले. संस्थेच्या नावाने निघालेली रक्कम एका व्यक्तीच्या खात्यावर जमा होते आहे, ही विसंगती कुणाच्याही लक्षात आली नाही; कारण ती पाहण्याचे काम कुणावरही सोपविलेले नव्हते.

वसतिगृहाचा तगादा आला तेव्हा चूक उमगली. शाखेत उत्तर मिळाले : चूक तुमची आहे, समोरच्या खातेदाराने संमती दिली तर पाहू. बाई माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सर, पैसे हरवलेले नाहीत. कुठं आहेत ते त्यांना दिसतंय. मग देत का नाहीत?" अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेल्या मला या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. पुढे चार महिने आम्ही अर्ज लिहिले, खेटे घातले. अखेर तो खातेदार सापडला. तो शेतमजूर होता. पत्र हाती पडताच दुसऱ्या दिवशी मजुरी बुडवून तो शाखेत आला आणि त्याने संमतीवर सही केली. चार महिने लागले ते त्याच्यापर्यंत पत्र पोहोचायला! परत आलेल्या रकमेत ५९० रुपये कमी होते. त्याच्या खात्यावर किमान शिल्लक न राखल्याचा दंड थकला होता. पैसे येताच बँकेने तो आपोआप कापून घेतला होता. गरिबाचे पैसे परत करण्यास ज्या यंत्रणेला चार महिने पुरले नाहीत, तिला आपली वसुली करण्यास एक क्षण पुरला.

ही एका शाखेची वा एका कर्मचाऱ्याची हलगर्जी असती तर तिच्यासाठी या पानाची जागा अडविली नसती. प्रश्न नियमाचा आहे, आणि नियम कुणाच्या सोयीने झाला याचा आहे.

कायदा काय सांगतो? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७२ वे कलम निःसंदिग्ध आहे : ज्याला चुकीने पैसे दिले गेले, त्याने ते परत केले पाहिजेत. चूक कुणाची होती, असा प्रश्न ते कलम विचारीत नाही. परंतु रिझर्व्ह बँकेने १४ ऑक्टोबर २०१० रोजी परिपत्रक काढून बँकांना सांगितले की, रक्कम जमा करताना केवळ खाते क्रमांक पाहावा. क्रमांक अचूक देण्याची जबाबदारी पैसे पाठविणाराची. अर्जावर नाव लिहिणे सक्तीचे, परंतु ते नाव कुणी वाचणार नाही! नावे जुळविण्यासाठी माणसे लागतात, त्यामुळे विलंब होतो, हे कारण देण्यात आले. म्हणजे बँकांचा वेळ आणि खर्च वाचावा म्हणून चुकीचा संपूर्ण भार खातेदाराच्या डोक्यावर ठेवण्यात आला. धनादेशाच्या व्यवहारात असे नव्हते. १८८१ च्या पराक्राम्य संलेख कायद्याच्या १३१ व्या कलमाखाली, रेखांकित धनादेश वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण मिळते ते तिने सद्भावाने व निष्काळजीपणा न करता व्यवहार केला असेल तरच. कागद गेला, त्याबरोबर ही अटही गेली.

नाव पडताळणे अशक्य होते काय? मुळीच नाही. नेदरलँड्समध्ये २०१७ पासून आणि ब्रिटनमधील प्रमुख बँकांत २०२० पासून पैसे पाठविण्यापूर्वी नाव व क्रमांक जुळतात की नाही हे यंत्रच सांगते. आपल्याकडेही यूपीआयवर रक्कम जाण्याआधी नाव दिसत होतेच. तरीही आरटीजीएस व एनईएफटी या मार्गांवर हीच सोय, तीही विनाशुल्क, १ एप्रिल २०२५ पर्यंत द्यावी, असे सांगण्यास रिझर्व्ह बँकेला ३० डिसेंबर २०२४ उजाडावे लागले. जे आज करता येते ते चौदा वर्षे का केले नाही, याचा जाब कुणी मागितला नाही. त्या चौदा वर्षांत ज्यांचे पैसे गेले ते सारे निष्काळजी ठरले आणि यंत्रणा निर्दोष राहिली. आधार क्रमांकाचा शेवटचा आकडा केवळ पडताळणीसाठी असतो; शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तर तो क्रमांक यंत्र नाकारते. नागरिकाची ओळख पटविताना राज्यसंस्थेने जी दक्षता घेतली, ती त्याच्या कष्टाच्या पैशासाठी साऱ्या देशभर का घेतली गेली नाही?

आता दुसरी बाजू पाहू. चूक बँकेची असते तेव्हा काय घडते? नोव्हेंबर २०२३ मध्ये यूको बँकेच्या यंत्रणेत बिघाड होऊन सुमारे ८२० कोटी रुपये तिच्या खातेदारांच्या खात्यांत चुकून जमा झाले. बँकेने तत्काळ ती खाती रोखली आणि काही दिवसांतच ६४९ कोटी, म्हणजे सुमारे ७९ टक्के रक्कम परत मिळविली. उरलेल्या प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. सार्वजनिक बँकेचा पैसा जनतेचा आहे. तो वाचला याचा मला आनंदच आहे. परंतु तेथे कुणाच्या संमतीची वाट पाहिली गेली नाही. ८२० कोटींसाठी जे हात इतके चपळ होतात, ते अठरा हजारांसाठी नियमांच्या दोरीने बांधलेले असतात! समान चुकीला असमान न्याय, याला वर्गीय पक्षपात म्हणू नये तर काय म्हणावे?

एक आक्षेप मात्र प्रामाणिक आहे आणि त्याला उत्तर दिले पाहिजे. कुणीही उठून 'माझे पैसे चुकून गेले' म्हणावे आणि बँकेने दुसऱ्याच्या खात्यातून ते काढावेत, असे झाले तर कुणाचीच ठेव सुरक्षित राहणार नाही. विकलेल्या मालाचे पैसे घेतलेल्या फेरीवाल्याला उद्या एखादा लबाड ग्राहक असाच नाडील. हे मला मान्य आहे. म्हणूनच रक्कम परस्पर परत करा अशी आपली मागणी नाही. तक्रार येताच तेवढीच रक्कम, मर्यादित दिवसांसाठी, रोखून ठेवावी. दोन्ही खातेदारांना लेखी कळवावे. ठरलेल्या मुदतीत दोघांचे ऐकून निर्णय द्यावा. ज्याने अजाणता ते पैसे खर्च केले असतील, अशा गरिबाला हप्त्यांची सवलत द्यावी. आणि चुकून आलेल्या पैशातून बँकेने स्वतःचे शुल्क वा कर्ज कापून घेण्यास स्पष्ट मनाई असावी.

अपघाताची किंमत, जो तो सर्वांत कमी खर्चात टाळू शकतो त्याच्यावर टाकावी, हा विचार गिदो कॅलाब्रेसी यांनी १९७० मध्येच मांडला होता. तो काही समाजवादी सिद्धान्त नव्हे. पंधरासोळा आकडे लिहिताना थकल्या हाताकडून होणारी चूक बँकेचे यंत्र नगण्य खर्चात पकडू शकते. म्हणजे भांडवलशाही अर्थशास्त्राच्या कसोटीवरही २०१० चा नियम टिकत नाही. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा आपण त्याचे स्वागत केले, ते बँकेची दारे श्रमिकांना उघडावीत म्हणून. दारे उघडली, खाती निघाली. परंतु खिडकीपलीकडचा माणूस हटवून त्याचे काम खातेदारावर लादले गेले, आणि त्याबरोबर त्याची जबाबदारीही.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. आपल्या वस्तीत हे सांगितले पाहिजे : पैसे पाठविण्यापूर्वी नाव दाखविण्याची मागणी शाखेतही करता येते. चूक झालीच तर त्याच दिवशी व्यवहार क्रमांकासह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी आश्वासनावर विसंबू नका. तीस दिवसांत बँकेने उत्तर दिले नाही किंवा ते समाधानकारक नसले, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. तेथे वकील लागत नाही, शुल्कही पडत नाही. ७२ व्या कलमाखालील दाव्याची मुदत साधारणतः तीन वर्षांची आहे, हेही ध्यानात ठेवा. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांशी आपले जुने नाते आहे. खिडकीवरचा कर्मचारी आपला शत्रू नाही, तोही याच नियमाखाली दबलेला आहे. त्यांना बरोबर घेऊन प्रत्येक तालुक्यातून अशी प्रकरणे गोळा करून रिझर्व्ह बँकेपुढे मांडली पाहिजेत.

बाईंचे ५९० रुपये अद्याप परत आलेले नाहीत. गेल्या महिन्यात त्या शेतमजुराचा फोन आला होता. "तेवढे मी भरून देऊ का?" असे तो विचारीत होता. बाईंनी त्याला सांगितले, "दादा, तुम्ही कशाला? ज्यांनी कापले त्यांनी द्यावेत." माझा लोकपालाकडचा अर्ज तयार आहे.