पॅनल उन्हात, पाय जमिनीत

भिलाई हे पोलादाचे गाव. १९५९ साली इथल्या कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि नोकरीच्या निमित्ताने देशभरची माणसे इथे आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. त्यांच्यापैकी कित्येकजण निवृत्तीनंतर रिसालीत, स्मृतीनगरात किंवा शेजारच्या दुर्गात घर बांधून इथलेच झाले. आता फंडाच्या पैशातून सौर पॅनल बसवावेत, असा विचार घरोघरी चालू असतो. पण छप्पर कौलारू असेल, शेजारच्या आंब्याची सावली पडत असेल किंवा मुलासाठी वर मजला चढवायचा असेल, तर काय करायचे? मग नजर जाते परसातल्या मोकळ्या जागेकडे.

जमिनीवर पॅनल लावणे मुळीच चुकीचे नाही. २०२४ साली राजनांदगाव जिल्ह्यात सुरू झालेल्या मोठ्या सौर प्रकल्पाचे पॅनलही जमिनीवरच उभे आहेत. धुवायला सोपे, दुरुस्तीला शिडी नको. प्रश्न आहे तो खालच्या सांगाड्याचा. पॅनलवर कंपनी पंचवीस वर्षांची हमी देते. सांगाडा तितकी वर्षे उभा राहील का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

आधी वाऱ्याचा हिशेब करू. तीन किलोवॉटसाठी साधारण सहा मोठी पॅनल लागतात. त्यांचे वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, आणि पसारा पंधरा चौरस मीटर. भारतीय मानकात रायपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी १४० किलोमीटर धरला आहे. तेवढ्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ९० किलो होतो. म्हणजे वैशाखातल्या वादळात पाया पॅनलचे वजन पेलण्यापेक्षा त्यांना जमिनीला धरून ठेवण्यासाठीच जास्त लागतो!

म्हणून माती बघा. छत्तीसगडी शेतकरी मातीला नावाने ओळखतो. ‘भाठा’ म्हणजे मुरमाड, कडक जमीन. तिच्यात खड्डा घेऊन काँक्रीट भरले की खांब घट्ट बसतो. ‘कन्हार’ म्हणजे काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. तिथे पाया खोल हवा. नुसते काँक्रीटचे ठोकळे वर ठेवून खांब उभे करू नका. नुकत्याच भराव टाकलेल्या जागेत तर मुळीच नको.

आता लोखंड. भिलाईत अँगल, चॅनल मुबलक आणि वेल्डिंग करणारेही गल्लोगल्ली. साहजिकच ‘आपल्या ओळखीच्याकडून करून घेऊ, स्वस्तात पडेल’ असे वाटते. पण रंग दिलेले साधे लोखंड दर दोन-तीन वर्षांनी खरवडून रंगवावे लागते, आणि पॅनल वर बसल्यावर ते कोण करणार? वितळलेल्या जस्तात बुडवलेले, म्हणजे हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड स्ट्रक्चर घ्या, आणि तेही नटबोल्टने जोडायचे. जागेवर वेल्डिंग केले की तिथले जस्त जळते आणि गंज तिथूनच सुरू होतो. पॅनलची चौकट अ‍ॅल्युमिनियमची असते. तिला स्टेनलेस स्टीलचे बोल्ट वापरा.

दिशा दक्षिण, उतार वीस अंशांच्या आसपास. भिलाईसाठी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. दोन रांगा असतील तर डिसेंबरची सावली मोजा. २१-२२ डिसेंबरला भरदुपारी इथे उभ्या काठीची सावली जवळजवळ काठीइतकीच असते. सकाळी नऊला उत्तरेकडे ती सव्वापटीहून जास्त सरकते. म्हणून पुढच्या रांगेची मागची कड खालच्या कडेपेक्षा जितकी उंच, त्याच्या दीडपट अंतर सोडा. खालची कड जमिनीपासून निदान दोन फूट वर हवी. नाहीतर पावसात चिखल उडतो आणि गवत पॅनलवर चढते. वायर नळीतून न्या, उंदीर कुरतडतात. अर्थिंग विसरू नका. कारखान्याची धूळ पुसायला माणूस फिरेल एवढी वाटही ठेवा.

एक गोष्ट पैसे देण्याआधी करा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान ठरले. पण योजना मुळात छतासाठी आखलेली आहे. परसातल्या सांगाड्याला ते मिळेल का, किती उंचीच्या सांगाड्याला मिळेल, हे वीज कंपनीकडून लेखी घ्या. ठेकेदाराच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. राहते घर कारखान्याचे क्वार्टर असेल, तर खड्डा खणण्याआधी परवानगी हवीच.

कोटेशनमध्ये पॅनलच्या किमतीबरोबर पायाची खोली, लोखंडाची जाडी आणि जस्ताचा थर लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याला फंडाचा पैसा देऊ नका. आणि पहिला पावसाळा सरला की पाना घेऊन प्रत्येक बोल्ट एकदा तपासा.